वरचे, खालच्या आणि मधला जिना

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणून तात्यांनी आपलं स्टूल जिन्याच्या पायथ्याशी ओढलं आणि त्यावर ते असे काही बसले, की भूकंप झाला तरी गोष्ट संपेपर्यंत उठायचं नाही.

तात्या त्या जुन्या थिएटरचे दारवान. तिकीट फाडणं, बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवणं आणि उरलेल्या वेळात थापा मारणं ही त्यांची कामं. पहिली दोन ते नेमाने करत, तिसरं मन लावून. आज ऐकायला जुन्या इमारती बघत हिंडणाऱ्या निवृत्त मंडळींचा गट आयताच सापडला होता. गटाच्या पुढारी एक मास्तरीणबाई होत्या. त्यांनी आल्या आल्या पितळी कठड्यावरून बोट फिरवून धूळ पाहिली होती आणि धूळ नाही म्हणून थोड्या नाराजही झाल्या होत्या. थिएटर पाहून झालं, लाकडी खुर्च्यांवर बसून झालं, छतावरची नक्षी मान दुखेपर्यंत बघून झाली. आता दुपारचा खेळ बघायचा होता. खेळाची वेळ टळून गेली होती आणि पडदा पांढराच होता.

त्याचं कारण समजायला थोडं मागे जावं लागतं.

हे थिएटर कुठल्या कंपनीचं नव्हतं. मालकांच्या आजोबांनी बांधलं, वडिलांनी रंगवलं आणि मालक आता ते चालवत होते, म्हणजे वरच्या खोलीत आपल्याहून म्हाताऱ्या मशीनवर रिळं लावत होते. त्यांची बायको खाली असे. तिला सगळे वहिनी म्हणत. तिकिटांची खिडकी आणि चहाचं टेबल वहिनींकडे. वर मालक, खाली वहिनी आणि मधे गोल वळणाचा लोखंडी जिना. नवराबायको मिळून एक थिएटर चालवतात यात नवल काही नाही. नवल एवढंच, की कित्येक वर्षांत ती दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलली नव्हती.

भांडण झालं होतं शेवटावरून. तिकीट देताना गिऱ्हाइकाला सिनेमाचा शेवट सांगून टाकायची वहिनींना सवय. त्यात वाईट हेतू नसे. कोणी आईला घेऊन आलं तर "शेवटी मुलगा जातो बरं का, बघा बाई, त्यांना झेपेल का" असं त्या खिडकीतून हळूच विचारत. मालकांना ते समजलं तेव्हा ते मशीन सोडून खाली आले आणि म्हणाले, "तू तोंड बंद ठेवशील तर बरं होईल." वहिनी म्हणाल्या, "ठेवते." आणि ठेवलं. मालकांना वाटलं, संध्याकाळपर्यंत राग जाईल. संध्याकाळी त्यांना वाटलं, आपण आधी का बोलावं. तेव्हापासून त्या त्यांना 'वरचे' म्हणत आणि ते त्यांना 'खालच्या'. घरी गेल्यावर 'आतल्या' आणि 'बाहेरचे' होत असावेत, असा तात्यांचा अंदाज होता.

पण धंदा तर चालवायचा. म्हणून चहाच्या टेबलाशी एक घंटा टांगली होती. एक टोला म्हणजे लोक बसले, सुरू करा. दोन टोले म्हणजे चहा उकळला, थांबवा. त्या थिएटरात मध्यंतर सिनेमाच्या अर्ध्यावर होत नसे, चहा झाला की होत असे. कधी नायक-नायिकेची ओळख व्हायच्या आतच होई, कधी त्यांची मुलं मोठी झाल्यावर. लोकांनाही त्याची सवय झाली होती. घंटेत न मावणारी सगळी बोलणी तात्या जिन्यावरून न्यायचे-आणायचे.

आणि आज सकाळी घंटेचा लोलक नाहीसा झाला होता. काल रात्रीपर्यंत होता, सकाळी नुसतीच वाटी लोंबत होती. त्याच सकाळी तात्यांचे गुडघेही गेले. डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केलाय, असं ते आल्या आल्या सगळ्यांना सांगत सुटले होते. मालक वर टोल्याची वाट बघत बसले, वहिनी खाली चहाच्या भांड्यापाशी. जिना मधेच उभा होता, त्याला कोणाचीच घाई नव्हती.

"मी जाऊन सांगते ना वर," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तो जिना परक्या माणसाला घेत नाही," तात्या म्हणाले.

"घेत नाही म्हणजे काय?"

"मागे एक विमा एजंट चढले होते. खाली आलेच नाहीत."

"मग चमच्याने टोला द्या त्या घंटेवर."

"मालक चमच्याचं ऐकत नाहीत."

मास्तरीणबाईंनी चहाच्या टेबलाकडे पाहिलं. वहिनी कप पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण मास्तरीणबाईंना हयातभर वर्गात मागच्या बाकावर लक्ष ठेवायची सवय. कप कोरडा होता हे त्यांनी हेरलं.

"मग उद्यापासून तुमचं कसं व्हायचं?" त्यांनी विचारलं.

"उद्यापासून काय, बंद," तात्या हलक्या आवाजात म्हणाले. त्यांच्या त्या दिवसभराच्या बोलण्यात खरं असलेलं हे एक वाक्य. गेल्या आठवड्यात वहिनींनी त्यांना विचारलं होतं, या खुर्च्या कोणी उचलून नेईल का हो. त्याच दिवशी वर मालकांनी विचारलं, मशीन कोणी सांभाळून ठेवेल का. असं किती दिवस चालायचं, असं दोघंही म्हणाले, आणि दोघांनीही बजावलं की हे तिकडे सांगू नका. एवढी वर्षं तात्यांनी रिळांच्या, साखरेच्या, गळक्या छपराच्या गोष्टी वरखाली केल्या. नेमका हा निरोप मात्र पोटात घेऊन ते मधल्या पायरीवर कितीतरी वेळ बसून राहिले होते.

"तर ऐका," ते आता मोठ्याने म्हणाले. इतक्या मोठ्याने, की समोर बसलेल्या माणसांसाठी ते नक्कीच नव्हतं. "आज लागलाय तोच सिनेमा तेव्हाही लागला होता. बोटीवर गेलेल्या कप्तानाचा. बायको दीपगृहात वाट बघत असते, तो परत येतो की नाही, असा प्रश्न. थिएटर तुडुंब. लोक एकमेकांच्या मांडीवर बसले होते, ओळख नसताना."

समोर रस्त्यापलीकडे एक घड्याळजी होते. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे माणूस कामाला एवढा चोख, की त्यांनी दुरुस्त केलेलं घड्याळ सूर्याच्या पुढे धावलं तर लोक सूर्याची चूक धरत. त्यांच्याकडे एका बेकरीवाल्याचं गजराचं घड्याळ आलं होतं. बेकरीवाल्याला पहाटे उठून पाव भाजावे लागत आणि त्याची झोप अशी, की एकदा घराचं छप्पर उडालं तर त्याने फक्त पांघरूण ओढून घेतलं. त्याने घड्याळजींना सांगितलं, असा गजर करा की मी उठलो पाहिजे. घड्याळजींनी तो शब्द मनावर घेतला. आगीच्या बंबाची एक जुनी घंटा त्यांच्याकडे पडून होती, ती त्यांनी घड्याळाला बसवली.

"बसेल कशी? घड्याळाहून घंटा मोठी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"म्हणून तर घड्याळ घंटेच्या आत बसवलं."

घंटा बसवून झाली. गजर बंद करायची कळ तेवढी राहिली. ती सिनेमा पाहून आल्यावर बसवू म्हणून घड्याळजींनी घड्याळ पिशवीत घातलं, सवयीने चावी पुरती भरली आणि येऊन मधल्या रांगेत बसले. दुकानात ठेवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण दुरुस्तीचं घड्याळ जवळून हलवायचं नाही, हा त्यांचा कायदा.

पडद्यावर वादळ चाललं होतं. कप्तानाने खलाशांच्या म्होरक्याला मारायला हात उगारला आणि मधल्या रांगेतून ठण् असा आवाज आला.

"पहिला टोला," तात्यांनी बोट वर केलं. "मालक वर म्हणाले, सुरू कर म्हणतात, पण सुरूच आहे. तोवर दुसरा पडला. एक आणि एक दोन. म्हणजे चहा झाला. मशीन बंद, दिवे चालू. लोक उठले. तेवढ्यात तिसरा. तो पुन्हा एक. मशीन सुरू, दिवे बंद. लोक बसले. मग चौथा."

मालकांचा स्वभाव असा, की घंटेचा मान ठेवायचा म्हणजे ठेवायचा. गजर तर थांबायलाच तयार नाही. सुरू, बंद, सुरू, बंद. कप्तानाचा हात वर जाई, थांबे, थोडा पुढे येई, पुन्हा थांबे. ती एक थप्पड बसायला इतका वेळ लागला, की समोरच्या म्होरक्याने तेवढ्यात माफी मागितली.

"सिनेमातल्या माणसाने?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मीच बघितलं. ओठ हलले त्याचे."

हॉलमध्ये दिवे लागले की सगळे उठत, गेले की सगळे बसत. घडीच्या लाकडी खुर्च्या, माणूस उठला की बसायची फळी फाटकन वर. पूर्ण हॉलभर त्या एकसाथ फाटफाट वाजू लागल्या. बाल्कनीत एक आजी होत्या. कंबर धरल्यामुळे त्यांना नातवाने उचलून आणून बसवलं होतं. त्या उठबशा काढून काढून इतक्या मोकळ्या झाल्या, की घरी जाताना नातवालाच पाठुंगळी घेऊन गेल्या.

मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. गटातले एक गृहस्थ मात्र आपल्या कंबरेला हात लावून, आता त्या आजी कुठे असतात म्हणून विचारू लागले.

घड्याळजी आधी पिशवीवर बसले. त्याने आवाज दबला, पण त्यांचं सगळं अंग थरथरू लागलं आणि शेजारचे लोक त्यांना ताप भरला म्हणून वारा घालायला लागले. शेवटी त्यांनी घड्याळ पोटाशी धरलं आणि दरवाजाकडे धाव घेतली. टोले त्यांच्याबरोबर निघाले. लोकांना वाटलं, हा माणूस मध्यंतर घेऊन पळाला. सगळं थिएटर त्यांच्या मागे.

"आणि इथे," तात्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं, "इथे वहिनी. चहाला अजून आधणही आलेलं नाही आणि पुढ्यात शंभर माणसं, हात पुढे करून."

चहाच्या टेबलाशी आता कप पुसणं पूर्ण थांबलं होतं.

वहिनींना वाटलं, हा वरच्यांचा डाव. भरल्या थिएटरात आपली फजिती करायची म्हणून मुद्दाम मधेच थांबवलं. त्यांनी तात्यांना वर पिटाळलं की विचारा, चहा झाला नसताना थांबवायला कोणी सांगितलं. वरून उत्तर आलं, ज्यांनी घंटा वाजवली त्यांनी. खालून गेलं, घंटेला मी हात लावलेला नाही. वरून आलं, मग घंटा काय आपण होऊन बोलते का. खालून गेलं, या घरात आपण होऊन बोलणारं तेवढं एकच आहे. तात्या वर आणि खाली, खाली आणि वर. पुढे पुढे त्यांचा वेग एवढा वाढला, की प्रश्न खालून निघायच्या आत उत्तर घेऊन ते वरून पोचू लागले. एकदा तर जिन्याच्या वळणावर त्यांना स्वतःचीच धडक बसली.

"त्यातच गुडघे गेले असतील," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"गुडघे आज सकाळी गेले," तात्या घाईने म्हणाले. "गोष्टीत घोटाळा करू नका."

तर या गर्दीत घड्याळजींना काही सुचेना. घड्याळ हातात, कळ दुकानात. त्यांना समोर चहाचं भलं मोठं भांडं दिसलं आणि त्यांनी घड्याळ त्यात सोडून दिलं. आवाज थांबला नाही, नुसता ओला झाला. भांड्यातून गुडगुड गुडगुड टोले येऊ लागले आणि प्रत्येक टोल्याला चहाचं कारंजं. पण त्याच हिसक्याने सगळ्या चहाला एकदम उकळी फुटली. वहिनी कितीही चिडलेल्या असल्या तरी उकळलेला चहा टाकून देणाऱ्या नव्हेत. त्यांनी गाळला, कपात ओतला. लोक म्हणाले, असा चहा आम्ही जन्मात प्यायलो नाही. ज्यांनी ज्यांनी तो घेतला, ते आयुष्यभर वेळेवर पोचत राहिले.

"आणि सिनेमा?" कंबरवाल्या गृहस्थांनी विचारलं.

"तीच तर खरी गंमत." तात्यांनी स्टूल आणखी थोडं पुढे घेतलं, असं की त्यांचा आवाज सरळ जिन्यातून वर जावा. वरच्या खोलीला जिन्याच्या बाजूने एक लहानशी खिडकी होती. मघाशी ती बंद होती. आता फटीएवढी उघडी होती.

घड्याळ भांड्यात पडलं तेव्हा शेवटचा ऐकू आलेला टोला होता 'सुरू'चा. मालकांनी मशीन सुरू केलं आणि थांबवायला कोणी सांगेना. रिकाम्या हॉलमध्ये कप्तानाची बोट फुटली, वादळ शमलं, दीपगृह आलं, सगळं काही झालं आणि पडदा पांढरा झाला. खाली लोक चहाची मजा घेत होते. मग कोणाच्या तरी लक्षात आलं. शेवट कुणीच बघितला नव्हता. कप्तान परत आला का?

शंभर माणसं आणि एक प्रश्न. कोणी म्हणे आला असणार, कोणी म्हणे बुडाला. एक नवराबायको तर तिथल्या तिथे भांडायला लागली, तू असतास तर परत आला असतास का, इथपर्यंत त्यांची मजल गेली. घड्याळजी हात जोडून सगळ्यांची माफी मागत होते. ते म्हणत, मीही शेवट पाहिला नाही हो, मलाही घरी झोप लागणार नाही.

शेवट ठाऊक फक्त मालकांना. आणि मालक तर शेवट कोणाला सांगत नसत, त्यावरून तर सगळं रामायण झालेलं. सांगायला जीभ शिवशिवत असे ती वहिनींची, पण त्यांनी तर तोंड बंद ठेवलेलं.

"मग?" मास्तरीणबाई म्हणाल्या. विश्वास ठेवत नव्हत्या, पण पुढे झुकल्या होत्या.

"मग काय. वरची खिडकी उघडली. मालकांनी डोकं बाहेर काढलं. आणि ते वहिनींकडे बघून म्हणाले, अगं, तूच सांग. शेवट सांगावा तर तूच, तुझ्यासारखं कोणाला जमत नाही. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि सांगितला. असा सांगितला, की लोक म्हणाले, सिनेमापेक्षा हा बरा. आणि त्या दिवसापासून दोघांचं जे गोड सुरू आहे म्हणता—"

"तात्या, साफ खोटं," वरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. खिडकी पूर्ण उघडली होती आणि तिच्यात पांढऱ्या मिशांचं एक डोकं होतं.

"असं काही मी म्हणालो नव्हतो. मी शेवटचं रीळ परत लावलं आणि लोकांना आत बसवलं. घड्याळजी गजर घेऊन आले होते एवढं खरं. बाकी सगळ्या थापा."

"घड्याळ चहात पडलं नव्हतं का?" कंबरवाल्या गृहस्थांचा चेहरा उतरला.

"बादलीत पडलं होतं. फरशी पुसायच्या."

वहिनींनी कप खाली ठेवला. त्यांनी वर पाहिलं नाही. "तात्या," त्या म्हणाल्या, "वरच्यांना सांगा, म्हणाले नव्हते हे मलाही माहीत आहे. म्हणायला काय झालं होतं, ते विचारा."

तात्यांनी जिन्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि चेहरा असा केला, की दगडाला दया यावी. "वहिनी, मला नाही हो जमायचं," ते म्हणाले.

निरोप खाली अडकून पडला. वर नेणारं कोणी नव्हतं, वाजवायला घंटा नव्हती. मालक खिडकीत उभे होते, सगळं ऐकू येत होतं, पण निरोप पोचल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही ही त्यांची इतक्या वर्षांची शिस्त. वहिनींनी पुसलेला कप उचलला, पुन्हा ठेवला. मास्तरीणबाई काहीतरी बोलणार होत्या, पण कंबरवाल्या गृहस्थांनी त्यांना कोपर मारलं.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

एवढं एकच. पण ते ऐकून मालकांनी खिडकीची चौकट धरली.

"काय गं," ते म्हणाले.

"तुम्ही रीळ दोनदा लावलं होतं."

"एकदाच."

"दोनदा. एकदा लोकांसाठी, आणि सगळे गेल्यावर परत एकदा. मी दाराशी उभी राहून बघितलं."

"दुसऱ्यांदा का लावलं, ते कळलं नाही का तुला?" मालक म्हणाले.

"कळलं. पण निरोप आला नाही."

"मी तात्यांना सांगितलं होतं, त्यांना म्हणावं, येऊन बघा," मालक म्हणाले.

सगळ्यांचे डोळे तात्यांकडे वळले. तात्या छतावरची नक्षी बघत होते. जिन्याच्या वळणावर धडक बसली त्यात एखादा निरोप सांडला असेल, असं काहीसं ते पुटपुटले.

"थिएटर बंद करायचं म्हणताय तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मशीनवर हल्ली रोज तेल घालता, वास खाली येतो. सोडून द्यायच्या वस्तूलाच माणूस एवढं जपतं."

"आणि तू खुर्च्यांच्या फळ्या मोजतेस, त्यांचा आवाज वर येतो," मालक म्हणाले. मग खाकरून म्हणाले, "मी काही म्हणत नाहीये बंद करायचं. तू म्हणतेस का?"

"मी कशाला म्हणू? लोक बसलेत केव्हाचे, खेळ लावा."

"पण एक सांगा," मास्तरीणबाईंना आता राहवेना. "तो कप्तान. येतो का तो परत?"

"सांगू नकोस," मालक वरून म्हणाले.

"येतो," वहिनी म्हणाल्या. "उशिरा येतो आणि वर तोंड करून म्हणतो, तूच का नाही आलीस."

मालक खिडकीत हसले. ते कसे हसतात हे बघायला गटातली सगळी मंडळी जिन्याखाली गोळा झाली होती. वहिनींनी चहा गाळला. पहिला कप भरला, त्यात चमचाभर साखर घातली आणि काही न बोलता तो टेबलाच्या कडेवर, जिन्याच्या बाजूला सरकवला. इतकी वर्षं वरच्या खोलीत चहा जाई तो बिनसाखरेचा. ती साखर पाहिली आणि तात्यांचा तोल गेला. आनंदाच्या भरात त्यांनी कप उचलला आणि ते जिना चढू लागले, दोन दोन पायऱ्या एकदम घेत. चहा एक थेंबही सांडला नाही. अर्ध्या वळणावर मात्र त्यांच्या कोटाच्या खिशातून काहीतरी जड निसटलं आणि लोखंडी पायरीवर आपटलं.

ठण्.

वरच्या खोलीत मशीन सुरू झालं. सवयच ती.

ठण्. मशीन बंद.

वस्तू एकेक पायरी करत खाली येत होती. सुरू, बंद, सुरू. शेवटी ती चहाच्या टेबलाशी येऊन थांबली. वहिनींनी वाकून ती उचलली. घंटेचा लोलक होता. त्यांनी तो उजेडात धरला, वर जिन्याकडे पाहिलं. तात्या एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या पायरीवर, हातात कप, तसेच उभे राहिले होते. त्यांच्या डोक्यावर खिडकीतून मालकही वाकून लोलकाकडेच बघत होते.

आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या थिएटरात वरून आणि खालून एकाच वेळी एकच प्रश्न आला.

"तात्या, गुडघे?"